पहिलें भिंग

पनवेल-रोहा लोहमार्गावर नागोठणें सोडल्यावर आणि रोहें येण्यापूर्वीं निडी नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. त्या गांवीं आमचे एक स्नेही राहतात. त्यांच्या कन्येनें साठविलेल्या पैशांतून गेल्या पावसाळ्यांत डिजिटल एस. एल. आर. कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याबरोबर १८ ते ५५ मिलिमीटरचें नेहमींचें भिंग आलें होतें; आणखी एकाच भिंगापुरती रक्कम शिल्लक होती. तें कोणतें घ्यावें, यावर घरांत वाद माजला. मुलीस दूरचे पक्षी जवळ आणणारें लांब भिंग हवें होतें. वडिलांस सारें भातशेत एका चौकटींत मावेल असें रुंद भिंग हवें होतें. निवाडा आमच्याकडे आला, तेव्हां आम्हांस प्रथम इतिहासाकडे पाहावेंसें वाटलें. कारण हा वाद छायाचित्रणाइतकाच जुना आहे.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेर यांची युक्ति जाहीर झाली. त्यांच्या कॅमेऱ्यास शार्ल शेव्हालिए यांनीं केलेलें भिंग असे. देखाव्यास तें चांगलें, परंतु प्रकाश फार थोडा घेई. भर उन्हांतही एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. इमारत तेवढा वेळ स्थिर राही, माणूस राहीना. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक योसेफ पेट्झवाल यांनीं केवळ माणसांच्या चेहऱ्यांसाठीं एक नवें भिंग गणितानें सिद्ध केलें व फोइग्टलेंडर यांनीं तें घडविलें. पहिल्या भिंगाच्या मानानें तें सुमारें पंधरा पट प्रकाश घेई. चित्राच्या कडा त्यांत पुसट येत. पण मधला चेहरा स्वच्छ उमटे. सर्व गुण एका भिंगांत नांदत नाहींत, काय सोडावयाचें हें आधीं ठरवावें लागतें, हा धडा जगास तेव्हांच मिळाला.

आपल्याकडेही ही विद्या लौकरच आली. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होत. लेणीं व देवळें यांजकडे कॅमेरे वळत असतां त्यांनीं मुंबईंतील साध्या माणसांचींही चित्रें घेतलीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

कॅमेऱ्याची पेटी ही मात्र कालानुसार बदलणारी वस्तु. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतःच्या कारखान्यांत उभा केला. पुढें १९९१ सालीं कोडॅकनें निकॉनच्या पेटीस विद्युत् नेत्र बसवून पहिला डिजिटल एस. एल. आर. विक्रीस आणला. अशा पेट्या दर चार-दोन वर्षांनीं जुन्या होतात. भिंगाचें आयुष्य मोठें, पण तें बैठकीवर अवलंबून. निकॉननें १९५९ सालीं काढलेली एफ बैठक डिजिटल एस. एल. आर. पर्यंत टिकली, कांहीं बंधनें संभाळल्यास जुनें भिंग त्यावर चालतें. उलट कॅननने १९८७ सालीं बैठक बदलली आणि आधींच्या भिंगांचे धनी अडचणींत सांपडले. आतां कारखानदारांचा ओढा आरशावांचूनच्या कॅमेऱ्यांकडे आहे. तरी जोडकडें लावून या दोन्ही कंपन्यांचीं अनेक भिंगें त्यांवरही वापरतां येतात. म्हणून पेटीपेक्षां भिंगाचा विचार अधिक करावा.

एवढें सांगून आम्हीं त्या मुलीस तिनें काढलेलीं चित्रें दाखविण्यास सांगितलें. प्रत्येक चित्राबरोबर भिंगाचा आंकडा कॅमेरा स्वतःच नोंदून ठेवतो. पक्ष्यांचीं चित्रें मोजकींच निघालीं. बहुतेक चित्रें ३५ मिलिमीटरच्या आसपासचीं, घरांतलीं वा पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतलीं. आणि त्यांतील बरीचशीं अंधुक किंवा हललेलीं. सर्वांत अधिक चित्रें माजघरांत बसलेल्या आजीचीं होतीं. एकही नीट नव्हतें.

मग निवाडा सोपा झाला. तिच्या कॅमेऱ्याची चौकट फिल्मच्या चौकटीहून दीडपट लहान. त्यामुळें ५० चें भिंग तिच्याकडे जरा लांबचें ठरतें, तर ३५ चें साधारण डोळ्यास दिसतें तसें दाखवितें. एफ १.८ चें ३५ मिलिमीटर भिंग बरोबर आलेल्या भिंगाच्या सहापट तरी प्रकाश त्याच ठिकाणीं घेतें. मुलगी थोडी हिरमुसली. "पण पक्षी?" तिनें विचारलें. पक्षी पुढील हिंवाळ्यांतही येतील, एवढेंच आम्हीं म्हणालों. आजी नव्वदीला आल्या आहेत, हें सांगण्याची गरज पडली नाहीं.

दिवाळीच्या सुमारास आम्ही पुन्हां निडीस गेलों, तेव्हां माजघराच्या भिंतीवर आजींचें चित्र लागलें होतें. दिवा न लावतां, केवळ दारांतून येणाऱ्या उजेडांत घेतलेलें. तोंवर त्यांचें म्हणून घरांत एकच छायाचित्र होतें, मतदानाच्या ओळखपत्रावरचें. आजींनीं चित्राकडे पाहिलें व नातीस म्हणाल्या, "एवढ्या सुरकुत्या आहेत होय ग मला?" आणि पदर नीट करून पुन्हां त्याच जागीं बसल्या.