पोवाड्याचे पोशिंदे

वाईहून पाचगणीकडे निघाले की घाटाच्या पायथ्याशी पसरणी हे गाव लागते. ३ सप्टेंबर १९२३ रोजी या गावात कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना शाहीर साबळे याच नावाने ओळखले. नव्वदी ओलांडलेल्या या आयुष्याची दीर्घ कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर आपल्याला पसरणीहून फार लांब जावे लागत नाही. मात्र काळात २६४ वर्षे मागे जावे लागते. १६५९ साली याच वाईत विजापूरच्या अफजलखानाचा तळ पडला होता. त्या वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजीराजांच्या हातून त्याचा वध झाला; त्यावर अज्ञानदास नावाच्या शाहिराने रचलेला पोवाडा हा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पोवाडा मानला जातो. म्हणजे मराठी पोवाड्याची पहिली हाती लागणारी खूण आणि विसाव्या शतकातला त्याचा एक थोर वारस, दोघेही एकाच मुलखातले. या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटते.

अज्ञानदासाने हा पोवाडा जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला आणि त्याबद्दल त्याला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, अशी हकीकत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ती लक्षात ठेवू, कारण शाहिराचा पोशिंदा कोण, हा प्रश्न पोवाड्याच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत चालत आला आहे. तुळशीदासाने तानाजीचा सिंहगड गायला तोही याच परंपरेत. पेशवाईत दरबाराचा हात सैल झाला आणि शाहिरीला बहर आला. संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, गवळी समाजातला होनाजी आणि त्याचा जोडीदार बाळा, शिकलगारीचा धंदा करणारा मुसलमान सगनभाऊ, प्रभाकर, परशराम. जातीपातींच्या त्या कडक काळात डफ आणि तुणतुण्याभोवती जमलेली ही माणसे पाहिली की आजही नवल वाटते. पानिपत, नारायणरावाचा खून, खर्ड्याची लढाई, असे सारे या मंडळींनी गाऊन ठेवले. पोवाड्याच्या जोडीला लावणीही होती, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात तिचेच पारडे जड होते. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावरचा भगवा उतरला आणि बक्षीस देणारा हातच नाहीसा झाला. पेशवाई बुडाल्याचा पोवाडाही प्रभाकराने गायला. आपल्याच पोशिंद्याचे मरण त्याने डफावर मांडले.

यानंतरची पन्नास वर्षे दरबाराविना गेली. पोवाडे जगले ते गोंधळ्यांच्या तोंडी, जत्रांमध्ये आणि खेड्यापाड्यांत. कागदावर नसल्यामुळे एकेक गायक गेला की त्याच्याबरोबर काही चौक, म्हणजे पोवाड्यातले कडव्यांचे भाग, कायमचे जात होते. अशा वेळी ते टिपून घेण्याचा उद्योग केला तो हॅरी अरबथनॉट ॲकवर्थ या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने. मुंबईचा हा म्युनिसिपल कमिशनर आज वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाच्या नावामुळे आठवला जातो. परंतु शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने त्याने १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शाळिग्रामांचे नाव तर त्याहूनही मागे पडले. मात्र संग्रह म्हणजे जतन. पोवाड्याला नवे प्राण त्याआधीच, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी दिले होते. छत्रपती शिवाजी राजांवरचा त्यांचा पवाडा कोणत्याही सरदाराच्या बक्षिसासाठी रचलेला नव्हता. त्यांनी शिवाजीला कुळवाड्यांचा राजा म्हणून गायले आणि तो गाताना ब्राह्मणी वर्चस्वाचा जाब विचारला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच. शाहिराने आता कोणासाठी गायचे, याचे उत्तर इथे बदलले: ज्यांच्याजवळ द्यायला सोन्याचा तोडा नाही, त्यांच्यासाठी.

त्या उत्तरातून पुढचे बरेच काही निघाले. फुल्यांचा वारसा सांगणाऱ्या सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले. तमाशाचा साचा घ्यायचा आणि त्यात समाजसुधारणेचा आशय भरायचा, ही त्यांची रीत. भीमराव कर्डकांनी १९३० नंतरच्या वर्षांत तीच रीत आंबेडकरी जलशात नेली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊंनी तमाशाच्या आरंभीच्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, गिरणी कामगाराला नायक केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांच्या आवाजाने मैदाने भरली. गावचा डफ आता मुंबईच्या चाळींत आणि कामगार मैदानांत वाजत होता, आणि त्याचा पोशिंदा होती चळवळ.

साबळे या प्रवाहात शिरले ते वेगळ्या वाटेने. लहानपणीचा काही काळ आजोळी अमळनेरला गेला आणि तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा सातवीच्या पुढे गेली नाही, पण गळा होता, पाठांतर होते आणि गुरुजींची शिकवण होती. बेचाळीसच्या चळवळीत ते गात फिरले. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये गुरुजींनी उपोषण मांडले. त्याच वाऱ्यात पसरणीच्या भैरवनाथाच्या देवळात दलितांचा प्रवेश घडवून आणण्यासाठी साबळ्यांनी पुढाकार घेतला. मुंबईत आल्यावर मात्र त्यांनी अशा एका पोशिंद्याचा हात धरला, जो आधीच्या शाहिरांना दिसलाही नव्हता. तो म्हणजे ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी. हे स्थित्यंतर वरवर दिसते त्याहून खोल आहे. पोवाडा समोरच्या श्रोत्यांच्या नजरेवर वाढतो. मागे साथ देणाऱ्या झिलकऱ्यांनी ‘जी जी’चा सूर धरला की शाहीर श्वास घेतो, मध्येच गद्यात दोन गोष्टी सांगतो, माणसे रंगली तर चौक लांबवतो. तबकडीच्या एका बाजूला मिनिटे तीन-साडेतीन. तेवढ्यात सगळा जोश बसवायचा, तोही समोर एकही माणूस नसताना. साबळ्यांच्या आवाजातली ती खणखणीत, दूरवर जाणारी फेक या बंदिस्त जागेतही टिकली. एकनाथांचे विंचवाचे भारूड त्यांनी गायले आणि सोळाव्या शतकात पैठणात रचलेली ती रचना रेडिओवरून घराघरांत पोचली.

१९६० साली राज्य जन्माला आले तेव्हा ‘जय जय महाराष्ट्र माझा’ याच आवाजात लोकांपर्यंत गेले. गीत नागपूरच्या राजा बढे यांचे, चाल बडोद्यात वाढलेल्या श्रीनिवास खळे यांची, गळा साताऱ्याचा. ज्या राज्यासाठी लोक गोळ्या झेलून गेले होते, त्याचा गौरव अशा तीन दिशांच्या माणसांनी मिळून केला. पण साबळे नुसते गौरवावर थांबले नाहीत, आणि मला ते याचसाठी जवळचे वाटतात. त्याच सुमारास ‘यमराज्यात एक रात्र’ हे त्यांचे मुक्तनाट्य आले. तमाशातल्या वगाची मोकळीक, बतावणीतली सवाल-जबाबाची धार आणि शहरी प्रेक्षकाला ओळखीचे विषय यांच्या जुळणीतून त्यांनी हा प्रकार घडवला. पुढे ‘आंधळं दळतंय’मध्ये मुंबईतल्या मराठी माणसाची परवड त्यांनी रंगमंचावर आणली. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, त्या दिवसांत मराठी मनाला पडलेले प्रश्न आपल्याला या नाटकात स्पष्ट ऐकू येतात. ज्या राज्याचा जयजयकार गायला, त्या राज्यात आपल्या माणसाचे काय झाले हे सहा-सात वर्षांत त्याच गळ्याने विचारणे, हे फुल्यांच्या पवाड्याशी नाते सांगणारे आहे.

त्यांच्या उत्तरायुष्याचे मोठे काम म्हणजे ‘महाराष्ट्राची लोकधारा’. गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी, कोळी नाच, भारूड, लावणी, पोवाडा असे नाना प्रकार त्यांनी एका कार्यक्रमात गुंफले आणि तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकासमोर ठेवले. या कामाकडे दोन अंगांनी पाहावे लागते. गोंधळ हा मुळात कुळाचार. घरात लग्न झाले की देवीपुढे दिवटी पेटवून रात्रभर घालायचा. त्याला आरंभ आहे, आवाहन आहे, पहाटेची आरती आहे. वाघ्या-मुरळी खंडोबाला वाहिलेली माणसे, आणि मुरळीच्या वाट्याला आलेले आयुष्य सोसण्याचे होते. रंगमंचावर हे सारे काही मिनिटांच्या, झळझळीत पोशाखातल्या नाचात येते तेव्हा देवही मागे राहतो आणि ते सोसणेही. लोकधारेच्या धर्तीवर पुढे निघालेल्या अनेक कार्यक्रमांत तर चकाकीच उरली, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही मी साबळ्यांच्या बाजूने उभा राहीन. गावे रिकामी होत होती, यजमान उरले नव्हते, गोंधळ्याची मुले दुसऱ्या धंद्यात जात होती. ज्या विधीला बोलावणारे घरच नाही, त्याची चाल, ठेका आणि पदन्यास कुठेतरी उभे राहणे गरजेचे होते. साबळ्यांनी ते तालमीच्या शिस्तीने उभे केले, आणि त्या तालमीतून भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे यांच्यासारखी पुढे नाट्य-चित्रपटात नाव मिळवणारी मुले तयार झाली. त्यांचे पुत्र देवदत्त साबळे संगीतकार झाले. ‘माझा पवाडा’ या आत्मचरित्रात शाहिरांनी आपली वाटचाल स्वतः सांगून ठेवली आहे.

१९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २८ एप्रिल २०२३ रोजी, नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात साबळ्यांची भूमिका अंकुश चौधरी यांनी केली. त्याआधी १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, ‘जय जय महाराष्ट्र माझा’ अधिकृत राज्यगीत झाले. मूळ गीतातली दोन कडवी त्यासाठी घेतली आहेत आणि वेळ ठरवला आहे १ मिनिट ४१ सेकंदांचा. दरबार, चळवळ, तबकडी, तिकीट असे पोशिंदे पाहून झाल्यावर शाहिराचे गाणे अखेर शासनाच्या नियमावलीत आले. शाळांमध्ये ते रोज म्हटले जावे अशी अपेक्षा आहे. ‘आंधळं दळतंय’ची जागा मात्र रंगमंचावरच आहे. त्याचे प्रयोग आजच्या मुंबईत नव्याने कोणी लावले, तर पाहायला मी पहिल्या रांगेत बसेन.