पुनर्जन्म आणि ख्रिस्ती मरणोत्तर श्रद्धा

माणसाला एकच ऐहिक जन्म, त्यानंतर मृत्यू, मग न्याय आणि अखेरीस देहासह पुनरुत्थान, अशी ख्रिस्ती धर्माची सर्वसाधारण शिकवण आहे. आत्मा एक देह सोडून दुसरा धारण करतो, ही कल्पना रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही मुख्य परंपरांनी नाकारली आहे. महाराष्ट्रात मात्र हा नकार धर्मशास्त्रातले एक कलम एवढ्यावर थांबला नाही. आंधळेपण, वैधव्य किंवा गावकुसाबाहेरचे जिणे हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे असे ज्यांना ऐकवले जाई, त्यांच्यासाठी हा रोजच्या जगण्याचा प्रश्न होता. म्हणूनच मराठी ख्रिस्ती लेखनातला पुनर्जन्माचा वाद हा मुळात न्यायाचा वाद आहे आणि तो तसाच वाचायला हवा.

प्रवरा नदीचे खोरे या विषयाला जवळचे आहे. भंडारदऱ्याच्या वर, रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या या नदीला लोक अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनातले अमृत मोहिनीने नेवाशात वाटले, अशी आख्यायिका आहे आणि तिथले मोहिनीराजाचे मंदिर तिची आठवण सांगते. त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केले आणि आत्म्याच्या देहांतराचा विचार मराठी ओवीत आला. पुढे १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याला धरण झाले. धरणाचे पाणी कालव्यांतून श्रीरामपूर-राहुरीच्या रानात पोचले, ऊस उभा राहिला, हरेगावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. आज हरेगाव महाराष्ट्रभर माहीत आहे ते दर सप्टेंबरात भरणाऱ्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेमुळे. वर अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांत पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहिली जाते. खाली बागायती पट्ट्यात मात्र मृतांसाठी मेणबत्ती लावणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. नदी एकच, पण मेलेला माणूस कुठे गेला याची उत्तरे दोन.

आता मूळ शिकवणीकडे. नव्या करारातले इब्री लोकांस पत्र (९:२७) माणसाला मरण एकदाच नेमून दिले आहे आणि नंतर न्याय आहे असे सांगते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने हाच आधार घेऊन मृत्यूनंतर पुनर्जन्म नाही, असे परिच्छेद १०१३ मध्ये स्पष्ट नोंदवले. पण ख्रिस्ती आशेचा गाभा आत्म्याच्या अमरत्वात नाही, तो देहाच्या पुनरुत्थानात आहे. देह हा आत्म्याचा तात्पुरता पोशाख नव्हे. देह आणि आत्मा मिळून माणूस होतो आणि देव त्या अख्ख्या माणसाला उठवतो, असा हा विश्वास आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय त्यासाठीच दफनाच्या वेळी वाचतात.

मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या अवस्थेबद्दल मात्र एकमत नाही. कॅथलिक शिकवणीत शुद्धिस्थान आहे. देवाच्या कृपेत मेलेला पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला माणूस तिथे शुद्ध होतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ही शिकवण पुन्हा पक्की केली. प्रॉटेस्टंटांनी ती फेटाळली. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन ख्रिस्ती घरांत मृताच्या स्मरणाचा अर्थ वेगळा असतो: एका घरात प्रार्थना मृतासाठी होते, दुसऱ्यात मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी.

प्राचीन चर्च पुनर्जन्म मानत होते आणि ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तो बायबलमधून काढून टाकला, हे विधान फार ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. त्या काळी वाद होता तो अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनच्या नावावर असलेल्या मतांचा. आत्मे देहाआधीपासून अस्तित्वात असतात आणि शेवटी सगळेच देवाकडे परततात, ही ती मते. त्यांचा निषेध झाला. बायबलमधली पुस्तके त्याच्या कितीतरी आधी ठरली होती, आणि एका देहातून दुसऱ्यात जाणे ओरिजेनने मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात स्वतःच नाकारले आहे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांत देहांतर खरोखर मानणारा मोठा गट म्हणजे मध्ययुगीन दक्षिण फ्रान्समधले कॅथर. त्यांच्याविरुद्ध १२०९ मध्ये धर्मयुद्ध पुकारले गेले आणि ते वीस वर्षे चालले.

बायबलमधले दोन उतारे या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात. बाप्तिस्मा करणारा योहान हाच येणारा एलिया, असे येशू म्हणतो. पण शुभवर्तमानात योहान स्वतः आपण एलिया नसल्याचे सांगतो, आणि जुन्या कराराप्रमाणे एलिया मेलाच नव्हता, तो जिवंत वर नेला गेला. दुसरा उतारा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. हा उतारा मराठी श्रोत्याला थेट भिडतो. इथे तोच प्रश्न दर पिढीत विचारला जात होता आणि उत्तर ठरलेले होते.

ख्रिस्ती मरणोत्तर विचार मराठीत पहिल्यांदा विस्ताराने आला तो गोव्यात. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटले आहे. नव्या श्रद्धेची भाषा त्यांनी पुराणांकडूनच घेतली.

खरा वाद पेटला १९व्या शतकात. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि दोन वर्षांत मोरभट दांडेकर या पंडितांशी त्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांच्या ‘हिंदुधर्मस्थापने’ला विल्सननी १८३२ मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिले. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या वादसभा दर आठवड्याला भरत आणि ऐकायला गर्दी लोटे.

त्याहून खोल गेलेला वाद संस्कृतात झाला. संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या १८३९ च्या ग्रंथाला ज्या पंडितांनी उत्तरे दिली, त्यांत दोघे मराठी होते. एक सुबाजी बापू, ज्यांनी सोमनाथ या नावाने लिहिले. दुसरे काशीत राहणारे चित्पावन तरुण नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५). गोऱ्ह्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १८४४-४५ चा, म्हणजे लेखक अजून विशीत. या पंडितांचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. जन्मतःच दुःख भोगणाऱ्या बालकाने काय केले? मुक्या जनावरांच्या यातनांचे कारण काय? कर्म आणि पूर्वजन्म मानले तर देवावर पक्षपाताचा आणि क्रौर्याचा आरोप येत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हेच उत्तर दिले आहे. उलट, चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापासाठी अनंतकाळ नरक देणारा देव न्यायी कसा?

तीन-चार वर्षांनी, १४ मार्च १८४८ रोजी, याच नीलकंठशास्त्र्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहून त्यांनी दर्शनांचे खंडन केले. ख्रिस्ती बाजूचा नेहमीचा प्रतिवाद असा: कर्माची साखळी अनादि आहे असे म्हटल्याने पहिल्या विषमतेचे उत्तर मिळत नाही, ते फक्त मागे ढकलले जाते. आणि ज्या अपराधाची आठवणच नाही, त्याची शिक्षा भोगून सुधारणार कोण? पण पंडित असताना टोचलेला काटा धर्मांतराने निघाला नाही. १८६८ मध्ये त्यांनी सार्वकालिक शिक्षेवरील आक्षेपांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. बाप्तिस्म्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. मराठी ख्रिस्ती विचारात गोऱ्ह्यांची जागा मोठी आहे ती यासाठी. दोन्ही बाजूंचे सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले आणि कुठलाही सोपा करून टाकला नाही. त्यांचे लेखन आज सहजी वाचायला मिळत नाही, ही मोठी उणीव आहे.

गोऱ्ह्यांच्या लेखनाचा परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे की शास्त्रे बाईला याच जन्मी मोक्ष देत नव्हती. पतिसेवा करून पुढच्या जन्मी उच्चवर्णीय पुरुष म्हणून जन्मावे, तेव्हा वाट उघडायची. दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या स्त्रीला ‘पुढच्या जन्मी’ हे उत्तर पुरे पडले नाही, यात नवल ते काय? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी ज्या बालविधवांना आणि दुष्काळग्रस्त मुलींना आसरा दिला, त्यांतल्या कित्येकींच्या कपाळी पूर्वजन्मीचे पाप लिहून समाज मोकळा झाला होता.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघाले. सुरुवातीला थोडे ब्राह्मण, नंतर मोठ्या संख्येने महार आणि मांग कुटुंबे ख्रिस्ती मंडळीत आली. नीच जात म्हणजे मागच्या कर्माची शिक्षा, हे ऐकत आलेल्या माणसाला एकच जन्म सांगणाऱ्या शिकवणीत सुटका दिसली असेल, असे मानायला जागा आहे. अर्थात दुष्काळातले अन्न, शाळा आणि दवाखाना ही कारणेही तितकीच खरी होती. हाच धागा ख्रिस्ती न झालेल्यांतही दिसतो. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त नशीब, स्वर्ग आणि श्राद्ध या कल्पनांची झडती घेतली. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात एका देहातून दुसऱ्यात जाणारा आत्मा नाकारला आणि पूर्वकर्माने आजचे हाल समजावण्यावर कठोर टीका केली.

नगरचे कवी नारायण वामन टिळक (निधन १९१९) यांची वाट वेगळी. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना सोडून नव्हे. तुकोबांच्या आधारानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. आता तुकोबा तर संतसंग मिळणार असेल तर खुशाल पुन्हा गर्भवासी घाला, असे देवाकडे मागतात. वारकरी मनाला पुनर्जन्माचे भय नाही, त्याला विरहाचे भय आहे. टिळकांच्या अभंगांत आणि गीतांत तीच ओढ ख्रिस्ताकडे वळलेली दिसते. नरकाची धास्ती तिथे क्वचितच पुढे येते, देवाशी एकरूप होण्याची तहान जागोजाग. मरणोत्तर जीवनावरच्या रूक्ष वादाला मराठी ख्रिस्ती परंपरेने दिलेले हे सर्वांत सुंदर उत्तर आहे. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

श्रद्धा कशी आहे ते दफनभूमीत जवळून दिसते. दगडावर नावाआधी ‘ख्रिस्तवासी’, खाली जन्म आणि मृत्यूची तारीख, त्याखाली बायबलमधल्या वचनाचा अध्याय आणि ओवी. क्रुसाला झेंडूची माळ. दफनाच्या वेळी प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी कॅथलिक कुटुंबे कबरीवरचे गवत काढतात, चुना लावतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. गोव्यातल्या कॅथलिक घरांत लग्नाआधी पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालण्याची प्रथा आहे, आणि तिचे श्राद्धभोजनाशी असलेले नाते लपत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मोकळीक दिली. पण २०१६ च्या सूचनापत्राने राख हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विखुरायला मनाई केली. मृत्यू हा निसर्गात विलीन होण्याचा किंवा जन्मांच्या फेऱ्यातला एक टप्पा आहे, असा समज त्यातून होऊ नये, हे एक कारण त्यात दिले आहे.

तरीही शिकवण आणि मनातला विश्वास यांत अंतर राहतेच. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३०,००० प्रौढांची पाहणी केली आणि ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ५४ टक्के ख्रिस्ती लोकांनी कर्म मानत असल्याचे सांगितले आणि २९ टक्क्यांनी पुनर्जन्म. हिंदूंमध्ये पुनर्जन्म मानणारे ४० टक्के निघाले, म्हणजे अपेक्षेपेक्षा बरेच कमी. भारतातले ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या श्रद्धेने भारले गेले, एवढ्यावर हे आकडे उलगडत नाहीत. याच संस्थेने २०१७ मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत, कर्मविचाराची परंपरा नसलेल्या त्या समाजातही, पुनर्जन्म मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे प्रमाण २९ टक्केच आले होते.