बोटांच्या कंडरांची पुनर्रचना

बोटे मिटविणाऱ्या कंडरा तळहाताच्या टोकापासून मधल्या पेरापर्यंत अरुंद आवरणातून सरकतात. येथील जखम जुनी झाल्यास तुटलेली टोके आखडतात, आवरणात व्रण दाटतो आणि थेट जोडणी अशक्य होते. अशा वेळी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत होते. अमेरिकी शल्यविशारद जेम्स हंटर व सहकाऱ्याने 1971 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रथम सिलिकॉनची लवचिक कांडी बसवितात. तिच्याभोवती सुमारे तीन महिन्यांत गुळगुळीत नळी तयार होते. मग कांडी काढून तेथे बहुधा मनगटाजवळील पामॅरिस लाँगस कंडरेचे रोपण करतात. काहींच्या हातात ती जन्मतःच नसते, तेव्हा पायातील कंडरा घेतात. खरी कसोटी त्यानंतरची. अकाली जोर दिल्यास रोपण तुटते, हालचाल टाळल्यास ते चिकटते. त्यामुळे नियंत्रित व्यायाम कित्येक आठवडे चालतो. ताजी जखम काही दिवसांतच शिवल्यास हा खटाटोप बहुधा टळतो.