आधीची भाषा आणि नवे व्याकरण

इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. चारच वर्षांनी, १५८३ मध्ये, भावास पाठविलेल्या पत्रात त्यांनी नोंदविले, की येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान तेव्हा दोन शतके दूर होते. हे साम्य स्टीफन्स यांना दिसले ते आधी शिकलेल्या भाषांमुळे, असे आम्हांस वाटते.

लॅटिन जाणणाऱ्यास कोकणी-मराठीतील तीन लिंगे नवी नव्हती. ‘मला दोन भाऊ आहेत’ ही रचना केवळ इंग्रजी जाणणाऱ्यास चकविते. लॅटिनमध्येही असा स्वामी चतुर्थीत येतो. मात्र ‘त्याने भाकरी खाल्ली’ येथे क्रियापद कर्माच्या मागे जाते, आणि ‘आपण’ व ‘आम्ही’ यांत भेद होतो. येथे लॅटिनची शिदोरी संपते. तरीही स्टीफन्स यांनी १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत सिद्ध केले. त्यांचे कोकणीचे व्याकरण मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले.

आधीच्या भाषेची सावली परकीयांवरच पडते असे नाही. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे. पुढे शाळांतून रूढ झालेल्या मराठी व्याकरणाने संस्कृताची विभक्तींची चौकट स्वीकारली. परिणामी ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीयेतही आले आणि चतुर्थीतही. मराठीने जे एकच रूप मानले, त्याला संस्कृताच्या सवयीने दोन घरे दिली. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ती पाठ करीत आले.

आजच्या वर्गातही हेच घडते. हिंदीभाषक विद्यार्थ्यास ‘त्याने’ सहज जमते, पण नपुंसकलिंग अडते. ‘मैंने’च्या सवयीमुळे ‘मी आंबा खाल्ला’ हे त्याला अपुरे वाटते. उलट मराठी माणूस हिंदीत ‘मैं आम खाया’ म्हणून जातो. दोघेही अडाणी नाहीत; दोघेही आपापल्या व्याकरणाशी प्रामाणिक आहेत.

म्हणून आमचे अध्यापकांस सांगणे इतकेच, की चूक खोडण्यापूर्वी ती कोणत्या भाषेतून आली हे विचारावे. तिचे उत्तर मिळाले, की शिकवायचे काय हेही कळते.