उच्च विभेदन चित्रण, घरगुती
चित्रातील सूक्ष्म तपशील वेगळे दाखविण्याच्या क्षमतेस विभेदनक्षमता म्हणतात. घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी उच्च विभेदनाचे एचडीव्ही मानक कॅनन, शार्प, सोनी व जेव्हीसी या कंपन्यांनी २००३ मध्ये जाहीर केले. सोनीचा एचडीआर-एफएक्स१ (२००४) त्यानुसार १,०८० रेषांचे चित्रण करी. तथापि जुन्या डीव्ही फितीच्याच मर्यादेत, म्हणजे सेकंदास सुमारे २५ मेगाबिटांत, चित्र बसवावयाचे असल्याने प्रत्येक रेषेत १,९२० ऐवजी १,४४० चित्रबिंदूच नोंदले जात व दाखविताना ते आडवे ताणले जात. शिवाय सम व विषम रेषा आळीपाळीने टिपल्या जात. त्यामुळे केवळ रेषांच्या संख्येवरून सुस्पष्टता ठरत नाही. भिंग, संवेदक व संपीडन हेही तितकेच निर्णायक असतात. चित्रणाच्या वेळी न नोंदलेला तपशील पुढे कितीही मोठ्या पडद्यावर परत मिळत नाही.