काकासाहेब गाडगीळ आणि १९४८ चा विद्युत् पुरवठा कायदा : फलटणच्या दृष्टीने एक विचार

८ मार्च १९४८ रोजी फलटण संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि नाईक निंबाळकरांची राजधानी सातारा जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव बनली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला विद्युत् पुरवठा कायद्यास संमती मिळाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि फलटण ज्या राज्याचा भाग झाले, तेथे वीज कोणास व कोणत्या दराने मिळावी हे कोणी ठरवावयाचे, याची चौकट या कायद्याने घालून दिली. म्हणून त्याचा विचार मुंबईपेक्षा फलटणसारख्या गावाच्या दृष्टीने करणे अधिक उद्बोधक ठरेल.

कायदा संमत करून घेणारे मंत्री नरहर विष्णु उपाख्य काकासाहेब गाडगीळ (१८९६–१९६६) हे पेशाने वकील. १९२० मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी पुण्यात वकिली आरंभिली. परंतु लवकरच काँग्रेसकार्याने ती मागे पडली. १९३४ मध्ये ते मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी बांधकाम, खाणी व वीज खात्याचे मंत्री झाले. मात्र या कायद्याचे सर्व श्रेय त्यांना देणे इतिहासास धरून होणार नाही. विजेच्या राष्ट्रीय धोरणाची मांडणी १९४३ पासून मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या खात्यात सुरू झाली होती. तेही कायदेपंडितच. गाडगिळांनी तिला कायद्याचे रूप मिळवून दिले.

तत्पूर्वीची स्थिती अशी होती : टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील जलविद्युत् केंद्रे प्रामुख्याने मुंबईसाठी होती, आणि अन्यत्र वीज पुरविणारे खाजगी परवानाधारक फायद्याच्या शहरांपलीकडे सहसा जात नसत. नव्या कायद्याने या परवानाधारकांचे जुने परवाने रद्द केले नाहीत. वाजवी नफ्याची मर्यादा व हिशेबाचे नियम सांगणारे परिशिष्ट प्रत्येक परवान्यात समाविष्ट आहे असे समजावे, एवढेच त्याने सांगितले. मर्यादेहून अधिक नफ्याचा काही भाग ग्राहकांना परत मिळावयाचा होता. करारास हात न लावता कराराचा आशय बदलण्याची ही युक्ती वकिलाची होय.

याहून महत्त्वाचे कलम १८ होते. ज्या भागांत वीज नाही किंवा अपुरी आहे, त्यांच्या विकासाकडे विशेष लक्ष देणे हे राज्य विद्युत् मंडळाचे कर्तव्य ठरले. आणि दर ठरविताना विरळ विकसित प्रदेशात वीज स्वस्तात पोहोचविण्याचा विचार करावा असे कलम ४९ ने सांगितले. नीरा उजव्या कालव्यावरील फलटण तालुक्याच्या दृष्टीने कायद्याचे मर्म येथे होते. मुंबई राज्याचे मंडळ १९५४ मध्ये व महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. १९६२ मध्ये साताऱ्याच्याच कोयनेची वीज सुरू झाली.

परंतु कायद्यात एक अंगभूत विसंगती होती. मंडळ हेच विक्रेते आणि दर ठरविणारेही तेच. शक्यतो तोट्यात काम करू नये, असे कलम ५९ सांगे. मागास भागास सवलत द्यावी, असे कलम ४९. या दोहोंतील निवाडा त्रयस्थाकडे नव्हता. पुढील दुरुस्तीने धोरणाच्या बाबतीत शासनाचे आदेश मंडळावर बंधनकारक झाले, आणि दर हा राजकारणाचा विषय बनला. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागलेली आकारणी हे त्याचे ठळक उदाहरण. अखेर १९९८ च्या कायद्यान्वये १९९९ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र विद्युत् नियामक आयोग स्थापन झाला, २००३ च्या कायद्याने १९४८ चा कायदा रद्द केला आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले.

न्यायाधीश आणि पक्षकार एक असू नयेत, हे वकिली पेशाचे पहिले तत्त्व. वकिलांच्या हातून घडलेल्या कायद्यात तेच राहून गेले, ही गोष्ट विचारार्ह आहे. परंतु १९४८ साली प्रश्न निवाडा कोणी द्यावा हा नव्हता; ज्यांच्याकडे वीज नव्हती, त्यांची बाजू कोण घेणार हा होता. कायद्याने ती बाजू घेतली, आणि त्यासाठी निःपक्षपातीपणाची किंमत मोजली. त्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालाव्या लागतील.