लिबरेटर बाँबफेकी विमानांचा पुनरुद्धार

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनला उसनवार दिलेली बी–२४ लिबरेटर ही चार एंजिनांची विमाने युद्धसमाप्तीनंतर कानपूर येथे निकामी करण्यात आली. ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली गेली व एंजिनांत वाळू भरली गेली. फाळणीनंतर भारताजवळ एकही जड बाँबफेकी विमान नव्हते. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी या भंगारातून सुमारे ४० विमाने जुळविली. उड्डाणापुरती जुजबी डागडुजी झालेली ही विमाने चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी बंगलोरला नेली. सर्वांत धोक्याचे काम हेच होते. पूर्ण दुरुस्ती तेथे झाली. पुण्यात १९५१ मध्ये उभारलेल्या सहाव्या स्क्वॉड्रनने ती सागरी टेहळणीसाठी वापरली. १९६८ मध्ये ती सेवानिवृत्त झाली. त्यांपैकी एक अमेरिकेत १९८९ मध्ये पुन्हा उड्डाणक्षम करण्यात आले.